मल्टिमीटरची परीक्षा: इनपुट इम्पीडन्स आणि अचूकता तपासायची रीत

इन्व्हर्टरच्या एकाच बॅटरीवर एक मीटर १२.३१ व्होल्ट दाखवतो आणि दुसरा १२.५८. फरक पाव व्होल्टाचा, पण निकाल उलटा. काही तास विश्रांती मिळालेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास असली तर जवळजवळ भरलेली असते, १२.३ ला असली तर अर्ध्याहून थोडी जास्त. पहिला मीटर हातात असलेला गिऱ्हाइकाला म्हणणार, "चार्जिंग बघायला पाहिजे." दुसरा म्हणणार, "बॅटरी ठणठणीत आहे." दोघंही आपापल्या मीटरवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार.

हा लेख बेळगावच्या उद्यमबागेत पॅनलच्या कामाला नव्यानं लागलेल्या, वडगाव-खासबागेत मागांची वायरिंग बघणाऱ्या, निपाणी-चिकोडीकडं पंपसेटचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या, नाहीतर आयटीआय-डिप्लोमा करताना पहिला मीटर घेतलेल्या मुलामुलींसाठी आहे. आपल्याकडची रूढ रीत अशी की शंका आली तर शेजारच्या दुकानातला मीटर आणायचा, दोन्ही सारखं दाखवू लागले की "सरी ऐती" (बरोबर आहे) म्हणून कामाला लागायचं. पण दोन मीटर सारखंच चूक दाखवू शकतात. शिवाय अचूकतेच्या आधी एक प्रश्न येतो, तो बहुतेक जण विचारतच नाहीत: मीटर लावल्यावर सर्किटमधलं व्होल्टेज जसंच्या तसं राहतं का? म्हणून मी तपासणीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवतो. आधी इनपुट इम्पीडन्स, म्हणजे मीटरचा आतला रेझिस्टन्स, मग अचूकता. तसं का, ते पुढं आकड्यांतच दिसेल.

सामान

फार काही लागत नाही. नवीन ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिल सेल, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी आणि उसना का होईना, पण एक दुसरा मीटर. रेझिस्टरमध्ये १ मेगओहमचे १ टक्कावाले मेटल फिल्म डझनभर घ्या. बेळगावच्या बाजारात १० मेगओहमचा चांगला रेझिस्टर हमखास मिळेलच असं नाही. १ मेगओहमचे दहा एकापुढं एक जोडले की तोच झाला. प्रत्येकाची चूक १ टक्क्याच्या आत असेल तर सगळ्यांची मिळूनही १ टक्क्याच्या आतच राहते.

०.१ टक्क्याचे रेझिस्टर (१०० ओहम, १ किलोओहमचे चार, १० किलोचे दोन, १०० किलो) आणि एक व्होल्टेज रेफरन्स आयसी, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज नेमकं देणारी चिप, मात्र मागवावा लागेल. कुणाचा भाऊ बेंगळुरूला असतो, कुणाची बहीण मुंबईला. एसपी रोड किंवा लॅमिंग्टन रोडवरनं आणायला सांगा, नाहीतर सरळ ऑनलाइन. रेफरन्ससाठी माझी शिफारस एलएम ४०४० ची, ५ व्होल्टचा, ‘ए’ ग्रेडचा. त्याची चूक ०.१ टक्का, म्हणजे ५ मिलिव्होल्ट. घेताना ग्रेडचं अक्षर बघूनच घ्या. त्याच नावाखाली ढिल्या ग्रेडचेही मिळतात.

७८०५ रेग्युलेटर रेफरन्स म्हणून वापरू नका. तो ४.८ ते ५.२ मध्ये कुठंही असला तरी त्याच्या डेटाशीटप्रमाणे बरोबरच असतो. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट तर त्याहून बेभरवशाचे.

आधी मीटर तपासण्यालायक आहे का ते बघा

पहिल्यांदा मीटरची स्वतःची बॅटरी. ७१०६ जातीच्या चिपवर चालणाऱ्या स्वस्त मीटरमध्ये ९ व्होल्टची बॅटरी उतरली की चिपच्या आतला रेफरन्स ढासळतो आणि रीडिंग चढं येतं. मीटर बंद पडत नाही, स्क्रीनही स्वच्छ दिसते, आकडा तेवढा खोटा. "लाइट आज जास्तच आहे" असं मीटर बघून कुणी म्हणालं की मी आधी बॅटरीचं चिन्ह लागलंय का ते बघतो.

मग प्रोब. ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावा. ०.२ ते ०.५ ओहम आलं तर ठीक. वायर हलवताना आकडा नाचत असेल तर वायर आतून तुटत आलीय, प्रोब बदला. तीस-चाळीस रुपये वाचवायला कुजके प्रोब वापरणाऱ्याला मीटरच्या अचूकतेवर बोलायचा हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, जागा. बहुतेक मीटरची अचूकता १८ ते २८ अंश सेल्सिअसला दिलेली असते. बेळगावची हवा त्या बाबतीत मेहेरबान. पण फाउंड्रीच्या शेडमध्ये एप्रिलला, किंवा गाडीच्या डॅशबोर्डवरनं उचलून मोजायला घेतलं तर गोष्ट वेगळी. बऱ्याच चांगल्या मीटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की या पट्ट्याबाहेर प्रत्येक अंशामागं मूळ चुकीचा दहावा भाग वाढवा. म्हणजे ३८ अंशाला तोच मीटर दुप्पट चुकायला मोकळा. तेव्हा तपासणीआधी मीटर आणि रेझिस्टर तासभर एकाच खोलीत ठेवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात हे जास्तच पाळायचं. बोर्डवर ओल धरली की मेगओहमच्या रेंज सगळ्यात आधी बिघडतात.

पुस्तिकेतला तो कंस कसा वाचायचा

पुस्तिकेत "± (०.५% + २ डिजिट)" असं काहीतरी असतं. पहिला भाग रीडिंगच्या टक्क्यात, दुसरा शेवटच्या आकड्यात. २००० काउंटच्या (१९९९ पर्यंत आकडे दाखवणाऱ्या) मीटरवर २० व्होल्ट रेंजला शेवटचा आकडा ०.०१ व्होल्टचा. १२.३१ रीडिंग आलं तर ०.५ टक्के म्हणजे ०.०६, त्यात २ डिजिट म्हणजे ०.०२. एकूण ०.०८. खरं व्होल्टेज १२.२३ ते १२.३९ मध्ये कुठंही असू शकतं, आणि मीटर निर्दोष.

आता सुरुवातीचे दोन मीटर घ्या. दुसऱ्याचा पट्टा १२.५० ते १२.६६. दोन पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, म्हणजे दोघांपैकी एक तरी आपल्या पुस्तिकेबाहेर गेलाय. पट्टे एकमेकांवर चढले असते तर भांडायचं कारणच नव्हतं.

तीच बॅटरी २०० व्होल्टच्या रेंजवर मोजली तर शेवटचा आकडा ०.१ चा होतो. मग २ डिजिट म्हणजे ०.२ व्होल्ट आणि एकूण चूक ०.२६. मीटर तोच, बॅटरी तीच, नुसती रेंज चुकली आणि बॅटरीबद्दल काही सांगता येईना. माप बसेल अशी सगळ्यात लहान रेंज घ्या.

इनपुट इम्पीडन्स

व्होल्टेज मोजताना मीटर सर्किटला समांतर लागतो आणि थोडा का होईना करंट ओढतोच. किती ओढणार ते त्याच्या आतल्या रेझिस्टन्सवर ठरतं. तोच इनपुट इम्पीडन्स. तो कमी असला की मीटर म्हणजे दुधाची चव बघायला आलेला पाहुणा, अर्धा पेला पिऊन "दूध कमी दिलंय" म्हणणारा.

चांगल्या हँड मीटरमध्ये डीसी व्होल्टला १० मेगओहम असतो. तो पिवळा डीटी ८३० जातीचा मीटर, जो प्रत्येक दुकानात लोंबकळलेला असतो, त्याचा १ मेगओहम. टेबलावरच्या काही महाग मीटरना खालच्या रेंजवर १० गिगओहमच्या वर ठेवायची सोय असते. हँड मीटरपैकीही काहींची मिलिव्होल्टची रेंज गिगओहममध्ये असते. असा मीटर प्रोब मोकळे असताना वाटेल ते आकडे दाखवत भटकतो. त्यात बिघाड काही नाही, प्रोब एकमेकांना लावल्यावर शून्य आलं म्हणजे झालं.

मोजायची पहिली रीत अगदी सोपी. तपासायचा मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. दुसरा मीटर २० मेगओहम रेंजवर ठेवून त्याचे प्रोब पहिल्याच्या प्रोबना क्लिपनं जोडा. दुसऱ्यावर जो आकडा येईल तो पहिल्याचा इनपुट इम्पीडन्स. मग पहिल्याच्या डीसीच्या सगळ्या रेंज एकेक करून फिरवा. काहींमध्ये आकडा सगळीकडं तोच राहतो, काहींमध्ये रेंजप्रमाणे थोडा बदलतो. मिलिव्होल्टला ओव्हरलोड दाखवलं तर ती गिगओहमवाली रेंज आहे असं समजा. क्लिप लावल्यावर हात काढून घ्या. दोन्ही टोकांना बोटं लागली की तुमचं अंगच समांतर जोडलं जातं, आणि घामेजल्या हातांचा रेझिस्टन्स मेगओहमपेक्षा खूप कमी असू शकतो.

दुसऱ्या रीतीला दुसरा मीटर लागत नाही, आणि मला तीच जास्त पटते, कारण मीटर व्होल्टेज मोजत असतानाच ती त्याला पकडते. ९ व्होल्टची बॅटरी सरळ मोजा, समजा ९.४२ आलं. आता लाल प्रोब आणि बॅटरीच्या मध्ये १० मेगओहमची माळ घाला आणि पुन्हा वाचा. मीटरचा रेझिस्टन्स आणि तुमची माळ यांच्यात व्होल्टेज वाटलं जातं. सूत्र असं:

इनपुट इम्पीडन्स = माळेचा रेझिस्टन्स × दुसरं रीडिंग ÷ (पहिलं रीडिंग − दुसरं रीडिंग)

दुसरं रीडिंग ४.६९ आलं तर १० × ४.६९ ÷ ४.७३, म्हणजे ९.९ मेगओहम. हा १० मेगओहमचा मीटर, शंका नको. बॅटरी बरोबर निम्मी दिसली की आकडेमोड न करताही कळतं. पिवळ्या मीटरवर हेच केलं तर रीडिंग एकदम ०.८६ पर्यंत कोसळतं. १० × ०.८६ ÷ ८.५६ म्हणजे १ मेगओहम. एवढ्या लहान आकड्यात शेवटच्या डिजिटची चूक जास्त बोचते, म्हणून अशा मीटरला १ मेगओहमचा एकच रेझिस्टर लावून पुन्हा करा. आता निम्मं, ४.७१ च्या आसपास, यायला पाहिजे. या सूत्राची गंमत अशी की मीटरची व्होल्टेजमधली टक्क्याची चूक वरही येते आणि खालीही, त्यामुळं ती उडून जाते. मीटर अचूक आहे की नाही हे माहीत नसतानाही इम्पीडन्स बरोबर निघतो. तो आधी मोजायचं हे एक कारण.

आता याचा कामावर परिणाम काय, ते बघायला १ मेगओहमचे दोन रेझिस्टर एकापुढं एक जोडून १० व्होल्टवर लावा. मधल्या सांध्यावर खरे ५ व्होल्ट. १० मेगओहमचा मीटर तिथं ४.७६ दाखवतो, पिवळा मीटर ३.३३. दोन्ही मीटर तंतोतंत अचूक असले तरीही! मीटर लावल्यावर त्या सांध्यावर खरोखरच तेवढं व्होल्टेज उरतं, आणि मीटर ते प्रामाणिकपणे दाखवतो. एसएमपीएसमधला (स्विचिंग पॉवर सप्लायमधला) स्टार्ट-अपचा मोठा रेझिस्टर, मॉस्फेटचा गेट, हाय रेझिस्टन्स सेन्सर, अशा ठिकाणी पिवळ्या मीटरवर भरवसा ठेवून नवी पोरं चांगले पार्ट काढून टाकतात. उलट बॅटरी, सोलर पॅनल, ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, २४ व्होल्टचा सप्लाय, इथं १ मेगओहमनं काडीचा फरक पडत नाही. पिवळ्या मीटरला नावं ठेवण्यापेक्षा त्याची जागा ओळखा.

मात्र जास्त इम्पीडन्स नेहमीच चांगला असंही नाही. पॅनलवर काम करताना हा संवाद कधी ना कधी होतोच:

"मामा, ही वायर कुठंच जोडलेली नाही, तरी ऐंशी व्होल्ट दाखवायलंय."

"शेजारनं कुठली वायर गेलीय बघ की आधी."

मल्टिकोर केबलमधली मोकळी वायर आणि तिच्या शेजारची जिवंत वायर मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. तो २ नॅनोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १.६ मेगओहम. १० मेगओहमच्या मीटरला तेवढ्यावरनंही भरपूर व्होल्टेज दिसतं. बाकीच्या वायरी आणि अर्थिंग त्यात वाटा मागतात, म्हणून पूर्ण २३० न दिसता ६०, ८०, ११० असं काहीतरी दिसतं. काही मीटरमध्ये याच्यासाठी लो इम्पीडन्सची वेगळी सेटिंग असते. तिथं इनपुट ३ किलोओहमच्या आसपास येतो आणि हे भुताटकीचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टाच्याही खाली जातं. मात्र शून्य दिसलं म्हणून लगेच हात घालू नका. आधी ठाऊक असलेल्या जिवंत पॉइंटवर मीटर चालतोय का बघा, मग ती वायर मोजा, मग पुन्हा जिवंत पॉइंटवर मीटर तपासा. तीनदा.

डीसी व्होल्टची अचूकता

एलएम ४०४० ला ९ व्होल्टच्या बॅटरीवरनं ४.७ किलोओहममधनं चालवा. करंट येतो सुमारे ०.८५ मिलिअँपिअर, त्याच्या कामाला भरपूर. बॅटरी ७ व्होल्टपर्यंत उतरली तरी तो ५ व्होल्ट धरून ठेवतो. पायांची जोडणी डेटाशीट बघूनच करा, अंदाजानं नको. मग छोट्या डबीत बसवून दोन टर्मिनल बाहेर काढा. एवढंच.

०.५% + २ डिजिटच्या मीटरला ५ व्होल्टवर ०.०४५ ची मुभा. म्हणजे २० व्होल्ट रेंजवर ४.९६ ते ५.०४ आलं तर मीटर पास. तुमच्या रेफरन्सची चूक ०.००५ ची, मुभेच्या नवव्या भागाएवढी. तपासणाऱ्या साधनाची चूक तपासायच्या वस्तूच्या चुकीपेक्षा निदान चौपट लहान असावी, हा कॅलिब्रेशनमधला जुना दंडक. त्यात आपण आरामात बसतो. याच हिशेबानं बाजारातली एडी ५८४ ची तयार मॉड्यूल बघा. २.५, ५, ७.५ आणि १० असे चार व्होल्टेज देतात, म्हणून सोयीची. पण त्या आयसीच्या ‘जे’ ग्रेडला १० व्होल्टवर ३० मिलिव्होल्टची मुभा आहे आणि ‘एल’ ग्रेडला ५ ची. मॉड्यूलसोबत बऱ्याचदा हातानं आकडे लिहिलेली चिठ्ठी येते. ते आकडे कुठल्या मीटरनं मोजले ते तिच्यावर नसेल, तर आकडे छान दिसतात एवढाच तिचा उपयोग.

आता २ व्होल्टची रेंज. त्यासाठी ५ व्होल्ट कमी करून घ्यावे लागतात, ०.१ टक्क्याच्या रेझिस्टरनी. समजा मीटरची ही रेंज २ ऐवजी ३ व्होल्टपेक्षा मोठी आहे आणि १० किलोचे दोन लावून तुम्ही २.५ काढलेत. १० मेगओहमचा मीटर लावल्यावर त्या सांध्यावरचं व्होल्टेज ०.०५ टक्क्यानं उतरतं, ते सोडून देता येतं. पण १ मेगओहमच्या मीटरनं उतरतं अर्ध्या टक्क्यानं, २.५०० चं २.४८८ होतं. मीटरची मुभाच अर्धा टक्का! इम्पीडन्स आधी मोजला नसता तर इथं निर्दोष मीटरला नापास केलं असतं. म्हणून असे डिव्हायडर लहान रेझिस्टरचे बनवा. वर ३ किलो (१ किलोचे तीन) आणि खाली १ किलो घेतलं तर १.२५ व्होल्ट मिळतात आणि पिवळा मीटरसुद्धा त्यांना ०.०८ टक्क्याहून कमी हलवतो. मात्र या ४ किलोला १.२५ मिलिअँपिअर लागतो, तेव्हा ४.७ किलोच्या जागी १.५ किलो घाला, नाहीतर रेफरन्सलाच करंट पुरणार नाही आणि ५ व्होल्ट खाली बसतील.

प्रत्येक रेंजवर एकच पॉइंट मोजून थांबू नका. प्रोब एकमेकांना लावून शून्य, मग रेंजच्या खालच्या भागात एक, वरच्या भागात एक, आणि प्रोब उलटे करून उणे आकडा. आकडे वहीत एकाखाली एक लिहिले की चूक कुठल्या जातीची ते दिसतं. २.५ ला २.५२, ५ ला ५.०४, १० ला १०.०८, म्हणजे चूक व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतेय. मीटरचा आतला रेफरन्स सरकलाय. सगळीकडं सारखंच ०.०२ जास्त असेल तर शून्यच हललंय. एकच रेंज चुकत असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर त्या रेंजचा आतला रेझिस्टर गेलाय, बहुधा कधीतरी चुकीच्या रेंजवर कुणीतरी २३० दाखवलेले असतात.

पिवळा मीटर उघडला की एक छोटा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर) दिसतो. ७१०६ मध्ये २०० मिलिव्होल्टच्या मूळ रेंजसाठी १०० मिलिव्होल्टचा रेफरन्स लागतो, तो या प्रीसेटनं लावलेला असतो. हातात खात्रीचा रेफरन्स असेल, मीटरमध्ये नवी बॅटरी असेल आणि चूक प्रमाणात वाढणारी असेल, तरच त्याला स्क्रूड्रायव्हर लावा. शेजारच्या मीटरशी जुळवायला फिरवलात तर दोन वेगवेगळ्या चुकांची एक चूक होईल.

ओहम

रेझिस्टन्सची तपासणी लवकर उरकते. ०.१ टक्क्याचे १०० ओहम, १ किलो, १० किलो, १०० किलो एकेक लावा, कंसाचं गणित करा. १०० ओहमच्या आकड्यातनं प्रोबचा रेझिस्टन्स वजा करा; मीटरला रिलेटिव्हचं बटण असेल तर प्रोब जोडून ते दाबलं की झालं. मेगओहमच्या रेंजवर आकडा स्थिर व्हायला काही सेकंद जातात, घाई नको. मीटरवर फुली मारायच्या आधी रेझिस्टर स्पिरिटनं पुसून बघा. बोटांचा घाम आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर १० मेगओहमच्या रेझिस्टरला सहज कमी दाखवतो.

एसी

इथं घरगुती रेफरन्स नाही. वीज कंपनीचा, हेस्कॉमचा, सप्लाय २३० व्होल्टचा म्हणतात, पण तो रेफरन्स नव्हे. संध्याकाळी माग आणि पंप एकदम चालू असताना वेगळा, पहाटे वेगळा. शिकणाऱ्यानं मेनवर मीटरची अचूकता बघायला जाऊच नये. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या बाजूला दोन्ही मीटर एकाच वेळी समांतर लावा आणि तुलना करा. एकाच वेळी हे महत्त्वाचं, कारण सप्लाय दोन रीडिंगच्या मध्ये हलतो.

साधे मीटर एसीची सरासरी काढून तिला १.११ नं गुणून दाखवतात. लहर सुबक साइनची असेल तोपर्यंत हे बरोबर. सरळ चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर खरे २३० असताना असा मीटर २५५ दाखवतो, आणि गिऱ्हाईक घाबरून फ्रिज बंद करतो. फॅनचा डिमर आणि मोटार ड्राइव्हच्या आउटपुटवरही हेच, फक्त तिथं चूक कधी वर कधी खाली. यासाठी ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे लहर साइनची नसली तरी खरा आकडा काढणारा, लागतो, आणि ड्राइव्हच्या आउटपुटवर तर लो-पास फिल्टरची सोय असलेलाच हवा. साधा मीटर बिघडलाय असं मात्र समजू नका.

करंट

दोन मीटर आणि एक रेझिस्टर बॅटरीवर एकाच माळेत लावा. दोन्हीतनं करंट तोच जातो, तेव्हा आकडे आपापल्या मुभेत जुळायला पाहिजेत. काहीच दाखवत नसेल तर नव्वद टक्के वेळा फ्यूज उडालेला असतो. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. प्रोब त्या सॉकेटमध्ये विसरून कुणी २३० मोजायला गेलं तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. मीटरवर आणि प्रोबवर कॅट ३ (मेन पॅनलवर वापरायच्या सुरक्षेची श्रेणी) लिहिलेलं नसेल तर मेन पॅनलकडं तो मीटर नेऊच नका, अचूकता कितीही चांगली निघाली तरी.

तापमानाची वायर असेल तर

काही मीटरसोबत के टाइप थर्मोकपल येतं. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या काल्यात टोक बुडवून ढवळत राहा, शून्य अंश यायला पाहिजे. दुसरा पॉइंट उकळतं पाणी. इथं पुस्तकातले १०० अंश धरून बसू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथं पाणी साधारण ९७.५ अंशाला उकळतं. मीटर ९७ किंवा ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे, आणि १०० दाखवणाराच संशयित.

प्रमाणपत्र कधी

स्वतःच्या दुरुस्तीसाठी वरचं सगळं पुरतं. पण उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात तुमचं रीडिंग क्वालिटीच्या कागदावर जाणार असेल, तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन लागतं. त्या प्रयोगशाळेची साधनं साखळीनं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकापर्यंत जोडलेली असतात, आणि तिथला व्होल्ट जोसेफसन परिणामावर, म्हणजे मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी मोजून ठरतो. प्रमाणपत्र हातात आलं की नुसता शिक्का बघू नका. प्रत्येक पॉइंटवर चूक किती आणि अनिश्चितता किती, हे दोन रकाने वाचा. एक युक्ती सांगतो: मीटर कॅलिब्रेट होऊन आला की त्याच दिवशी त्याच्यावर तुमची एलएम ४०४० ची डबी मोजा आणि आकडा डबीवर चिकटवा. मीटर चांगल्या जातीचा असेल तर ०.१ टक्क्याच्या आयसीचं खरं व्होल्टेज त्याहून बारकाईनं कळतं.

दुकानातल्या प्रत्येक मीटरच्या पाठीवर पट्टी लावा आणि तीवर दोनच गोष्टी लिहा: इनपुट किती मेगओहम, आणि २० व्होल्ट रेंजवर ५ व्होल्टला किती दाखवतो. खाली तारीख. मीटर टेबलावरनं पडला, आत बॅटरी पाझरली, कुणी ओहमच्या रेंजवर २३० दाखवले, किंवा पावसाळाभर ओल्या शेडमध्ये राहिला, तर वर्ष व्हायची वाट न बघता ती पट्टी काढून नव्यानं मोजा. डबीतली बॅटरी काम झाल्यावर काढून ठेवा.